चित्रांनी राखलेला वाडा

गायकवाडांच्या दौलतीबरोबर जी मराठी माणसं बडोद्यात आली, ती लाकडाची घरं बांधून राहिली. दांडिया बाजार, खारीवाव, बाबाजीपुरा, रावपुरा, झालंच तर मांडवीच्या आसपासचं जुनं शहर. माझ्या लहानपणी यातल्या कुठल्याही गल्लीत शिरलं तरी दोन-चार दिंडीदरवाजे लागायचेच. दिंडीतून वाकून आत गेलं की चौक, चौकाभोवती सागाचे खांब, वर माडी. आता पुण्याचा पाहुणा येतो आणि हौसेनं म्हणतो, "तुमचा बडोद्याचा वाडा दाखवा की." मग मी त्याला रावपुऱ्यात तांबेकर वाड्यात नेते. दुसरं नाव पटकन ओठावर येत नाही.

हा वाडा राहिला, कारण तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. आणि सर्वेक्षणानं तो जपावा असं त्यात काय आहे, तर भिंतींवरची चित्रं. आत येणारा प्रत्येक जण चित्रंच पाहतो, आणि ती पाहावीत अशीच आहेत. पण ज्या सागाच्या सांगाड्यावर ती चित्रं उभी आहेत, तसाच सांगाडा आमच्या वाड्याला होता, शेजारच्या वाड्याला होता, खारीवाव रोडवर माझ्या आत्याच्या सासरी होता. तिथे चित्रं नव्हती. ते वाडे गेले. लाकूड तेवढंच नामी होतं, सुतारांचा हात तेवढाच कसलेला होता. भिंत कोरी होती, एवढाच काय तो फरक. ही गोष्ट मला फार लागते, आणि तांबेकर वाड्याचा जिना चढताना दर वेळी ती मनात येते.

वाडा ज्यांचा, ते भाऊ तांबेकर म्हणजे विठ्ठल खंडेराव. १८४९ ते १८५४ या काळात ते बडोद्याचे दिवाण होते. गादीवर गणपतराव महाराज आणि छावणीत ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला तिचा प्रतिनिधी. त्या काळात बडोद्याचा दिवाण होणं म्हणजे दोघांचीही मर्जी राखायची आणि दोघांचाही रोष पत्करायचा. रेसिडेंट होता जेम्स आउट्रम. बडोद्यात पैसे चारून कामं करून घेतली जातात, मुंबईत आपलं वजन आहे असं दाखवून लोकांना नाचवलं जातं, असा अहवाल त्यानं १८५१ मध्ये मुंबई सरकारला धाडला. हेच ते बडोद्याचं गाजलेलं 'खटपट' प्रकरण. मुंबई सरकारला अहवाल झोंबला आणि हलवलं गेलं ते आउट्रमलाच. पण १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीनं त्याला पुन्हा बडोद्याला पाठवलं, आणि आल्यावर त्यानं ज्या गोष्टींचा हट्ट धरला त्यातली एक म्हणजे भाऊ तांबेकरांना दिवाणगिरीवरून काढणं. भाऊंची दिवाणगिरी गेली.

भाऊंच्या कारभाराचा निवाडा करणं हे माझं काम नाही. मला एवढंच वाटतं की हे घर नुसतं श्रीमंताचं घर म्हणून पाहू नये. एका संस्थानात खरी सत्ता कोणाची, हे ज्या काळात रोज नव्यानं ठरत होतं, त्या काळातल्या एका कारभाऱ्याचं हे घर आहे. दिवाणखान्यात कोण बसलं असेल, कोणाला ओसरीवरच थांबवलं असेल, कोणाला मागच्या दारानं आत घेतलं असेल, याचा विचार करत खोल्यांतून हिंडलं की खोल्यांची मांडणी कळायला लागते. बाहेरचा माणूस कुठपर्यंत आणि घरचा कुठपासून, ही हद्द वाड्यात दारांनी आणि उंबरठ्यांनी आखलेली असते.

आता चित्रं. एकोणिसाव्या शतकातली ही शेकडो चित्रं भिंतींवर आहेत, आणि जिथे भिंत नाही तिथे लाकडावर आहेत. वरच्या मजल्यावर गेलं की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो, कारण बाहेर रावपुऱ्याचं रणरणतं ऊन आणि आत जपून येऊ दिलेला उजेड. मग हळूहळू एकेक आकृती पुढे येते. महाभारत आहे. भागवतातल्या कथा आहेत, कृष्ण आहे, गोपी आहेत. त्याच घरात मराठ्यांची इंग्रजांशी झालेली लढाई आहे. आणि मडमाही आहेत, युरोपियन पोशाखातल्या.

इथे मी फार वेळ थांबते. ज्या घरावर रेसिडेंटचा रोष झाला, त्या घरात इंग्रजांशी झालेल्या लढाईचं चित्र असावं, हे समजू शकतं. पण त्याच घराला मडमांचंही कौतुक वाटावं? मला वाटतं, घरं अशीच असतात. ज्यांचा राग येतो त्यांचे कपडे बघायची उत्सुकता असतेच. आपल्याकडच्या दिवाणखान्यात विलायती हंड्या आणि झुंबरं लागली, घड्याळं आली, बिलोरी आरसे आले, आणि त्याच दिवाणखान्यात पेशवाईच्या गोष्टी सांगून माणसं हळहळली. चिताऱ्यानं हे दोन्ही जसंच्या तसं भिंतीवर उतरवलं. त्याला महाभारतातलं युद्ध आणि मराठ्यांचं युद्ध ही एकाच तऱ्हेची हकीकत वाटली असावी. दोन्हीकडे घोडे, दोन्हीकडे झेंडे, दोन्हीकडे पडलेली माणसं. एक युद्ध हजारो वर्षांपूर्वीचं आणि एक आजोबांच्या आठवणीतलं, असा भेद त्याच्या कुंचल्यात नाही.

बडोद्यात भिंतीवरची चित्रं म्हटलं की लोक कीर्तिमंदिराचं, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकाचं, नाव घेतात. तिथे नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात चारही भिंती रंगवल्या. गंगावतरण, मीरा, रवींद्रनाथांच्या नाटकातली नटीर पूजा आणि महाभारत. शांतिनिकेतनहून आलेल्या एवढ्या मोठ्या चित्रकाराचं महाभारत आणि रावपुऱ्यातल्या चिताऱ्याचं महाभारत, ही दोन्ही एकाच दिवशी पाहावीत असं मी प्रत्येकाला सांगते. आधी वाडा पाहावा, मग कीर्तिमंदिर. नंदबाबूंची रेघ विचार करून थांबते. वाड्यातला चितारी थांबायला तयारच नाही. कोपरा दिसला की भरायचा, तुळई दिसली की वेल काढायची. घरात राहणाऱ्या माणसांसाठी तो काढतोय, रोज पाहिलं तरी काहीतरी नवं सापडलं पाहिजे अशा हिशेबानं. फाइन आर्ट्सची मुलं तिथे वही घेऊन बसलेली मी पाहिली आहेत. एका कोपऱ्यात तासभर बसतात आणि त्यांना तो कोपरा पुरतो.

पहारेकरी भला माणूस आहे. कोणी भिंतीजवळ गेलं की तो उठून येतो आणि हळू आवाजात म्हणतो, "बेन, भींतने अडशो नहीं." म्हणजे भिंतीला हात लावू नका. त्याचं बरोबर आहे. बोटांना तेल असतं, घाम असतो, घामात मीठ असतं. एकाच्या बोटानं काही होत नाही, पण रोजच्या बोटांनी रंग निघतो. गोपीचा चेहरा एकदा पुसला गेला की परत आणणारा चितारी आता नाही. भिंतीला लोणा लागला, म्हणजे ओलीबरोबर आतलं मीठ वर आलं, की रंगाचा पापुद्रा सुटतो. उन्हानं रंग उडतो, पावसानं डाग पडतात. बडोद्याचा पाऊस काय करतो ते विश्वामित्री नदीनं आपल्याला अलीकडेही दाखवलं आहे, २०१९ मध्ये आणि परत २०२४ मध्ये. अशा गावात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचे रंग भिंतीवर टिकवणं सोपं काम नव्हे. ते करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे.

पण पाहुण्याला चित्रं दाखवून झाली की मी म्हणते, आता वर बघा. आता खाली बघा. आता या खांबाकडे बघा.

लाकडी वाड्यात भिंत घर उचलत नाही, सांगाडा उचलतो. खाली दगडाचं जोतं. खांबाच्या बुडाशी तळखडा, म्हणजे दगडाची बैठक, कारण लाकडाचं बूड मातीत गेलं की त्याला ओल आणि वाळवी दोन्ही लागणार. तळखड्यावर खांब. खांबाच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी हस्त, म्हणजे आधाराचे लाकडी हात, त्यांच्यावर तुळई. तुळईवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या, हा झाला कडीपाट. त्यावर माती-चुना घालून वरच्या मजल्याची जमीन. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणायचं आणि घर खणांनी मोजायचं. विटांचं बांधकाम या सांगाड्याच्या मधे भरलेलं. त्यामुळे भिंत पाडून दार काढता येतं, दार बुजवून कोनाडा करता येतो, घर उभंच राहतं. मुलगा लग्नाचा झाला की माडीवर एक खोली वाढवली, असं आमच्याकडे म्हणायचे, ते असं शक्य व्हायचं.

हे सगळं खिळ्यांवर उभं नसतं. तुळईच्या टोकाला कूस, म्हणजे पुढे आलेली जीभ, काढायची, खांबात साळ, म्हणजे तिच्या मापाची खाच, पाडायची, कूस साळीत बसवायची आणि आरपार भोक पाडून लाकडाचीच खुंटी ठोकायची. लोखंडाचा खिळा गंजतो आणि गंजताना आजूबाजूचं लाकूड खातो. सागाच्या पोटातला खिळा त्या मानानं बराच टिकतो, कारण सागात तेल असतं. वाळवी सागाच्या गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही, तीही त्यामुळेच. पण सालीकडचं पांढरं लाकूड ती खाते. म्हणून जाणता सुतार पांढरं लाकूड तासून काढायचा आणि गाभा तेवढा ठेवायचा. आजच्या दारांच्या चौकटी दहा वर्षांत पोकळ होतात, त्यात तोच पांढरा भाग रंगाखाली लपवलेला असतो.

लाकडाचं आणखी एक आहे. पावसाळ्यात ते फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. लांबीला फार फरक पडत नाही, पण रुंदीला पडतो. म्हणून जुन्या दारांत मधली फळी चौकटीत पक्की केलेली नसते, खाचेत मोकळी सोडलेली असते, तिला हालायला जागा ठेवलेली असते. जिथे लाकूड आणि गिलावा एकमेकांना भिडतात, तिथे मात्र दोघांची चाल वेगळी. लाकूड हलतं, गिलावा हलत नाही, मग त्या सांध्यावर बारीक चीर येते. रंगवलेल्या वाड्यात ही चीर चित्रातून जाते. तांबेकर वाड्यात लाकडाच्या कडेनं अशा चिरा शोधत गेलं तर सांगाडा कुठे कुठे आहे ते भिंतीवरून वाचता येतं. मला हे वाचायला आवडतं.

हे सगळं मी शिकले ते आमचा वाडा उतरवला तेव्हा. पाडला असं मी म्हणत नाही, कारण लाकडी वाडा पाडत नाहीत, उतरवतात. वाडा दांडिया बाजारात होता. त्यात काका, चुलतकाका, आत्यांचे वारसाहक्क आणि वर्षानुवर्षं न वाढलेल्या भाड्यावर राहणारे दोन बिऱ्हाडकरू असा सगळा पसारा होता. आजींना जिना चढवत नव्हता. संडास चौकाच्या पलीकडे. गाडी लावायला जागा नाही. छपराची कौलं चाळायला माणूस मिळेना. प्रत्येकाचं कारण खरं होतं. ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यावर मी आजही बोट ठेवत नाही. मोडक्या जिन्यावरून वयस्कर माणूस पडला तर वारसा वारसा म्हणणारे आम्ही कोणी उचलायला येणार नव्हतो.

लाकूड घेणारा व्यापारी घनफुटावर भाव बोलला. त्याच्याबरोबर एक म्हातारे मिस्त्री आले होते. ते चौकात उभे राहून बराच वेळ नुसते वर बघत होते. मग त्यांनी आधी कौलं उतरवली, मग वासे, मग कडीपाटाच्या फळ्या, अगदी ज्या क्रमानं घर चढलं असेल त्याच्या उलट्या क्रमानं. एका तुळईशी आले तेव्हा त्यांनी मला हाक मारली आणि वर यायला सांगितलं. लाकडी हातोड्यानं त्यांनी खुंटीच्या मागच्या बाजूनं टकटक ठोके दिले. खुंटी बोटभर पुढे आली. मग त्यांनी ती हातानं ओढली आणि ती सहज निघाली. तुळई किंचित उचलून सरकवली तशी कूस साळीतून बाहेर आली.

ती कूस मी विसरणार नाही. सगळा वाडा धुरानं आणि तेलानं काळा पडलेला, खांबावर हात फिरवला तर हात काळा. आणि ही कूस मात्र पिवळसर, स्वच्छ, जणू परवाच तासली आहे. सागाचा वास आला, तो तिखटसर, चामड्यासारखा. किकऱ्याचे, म्हणजे सुताराच्या छिन्नीचे, घाव एकेक दिसत होते, ओळीनं, सारख्या खोलीचे. आणि कुशीच्या बाजूला सुतारानं तीन आडव्या खुणा पाडल्या होत्या. मिस्त्रींनी खांबाच्या साळीवरची धूळ फुंकरीनं उडवली. तिथेही तीन खुणा. पुढच्या खांबावर चार, त्याच्या तुळईवर चार. म्हणजे सगळं लाकूड आधी जमिनीवर तासून, एकेक सांधा बसवून बघून, खुणा करून, मग वर चढवलेलं. ज्यानं त्या खुणा पाडल्या तो सुतार ते पुन्हा कोणाला दिसेल म्हणून पाडत नव्हता. घर नीट बसावं म्हणून पाडत होता. त्याचं नाव कोणत्याही कागदावर नाही. घराच्या खरेदीखतात सरकारी शिक्के आहेत, साक्षीदारांची नावं आहेत, चतुःसीमा आहेत. सुतार नाही.

उतरवलेल्या प्रत्येक लाकडावर मिस्त्रींनी पुन्हा खडूनं आकडे घातले. मला वाटलं, कोणीतरी हा वाडा जसाच्या तसा दुसरीकडे उभा करणार आहे. मी तसं विचारलंही. ते म्हणाले, नाही बेन, ही सवय आहे. पुढे खांब कुठे गेले ते मला ठाऊक नाही. अलीकडे हॉटेलांच्या दारात, फार्महाउसच्या व्हरांड्यात जुने खांब उभे दिसतात. त्यांच्यावर तुळई नसते, हस्त शोभेपुरते लावलेले असतात. खांबाला काही उचलायचं नसलं की तो लगेच ओळखू येतो.

आमच्या याच वाड्यानं २००१ च्या २६ जानेवारीचा भूकंप सोसला होता. तेव्हा आम्ही चौकात धावलो. वरून माती पडत होती, कड्या करकरत होत्या, सबंध माडी डोलताना दिसली. आणि मग थांबली. एक खुंटी निघाली नाही. कच्छ तर उद्ध्वस्त झालंच होतं, पण अहमदाबादेत सिमेंटच्या नव्या इमारती कोसळल्याचं संध्याकाळी कळलं तेव्हा आमच्या काकांनी खांबाला हात लावून नमस्कार केला. लाकडाचा सांगाडा धक्का खाऊन वाकतो, सांध्यात थोडा सरकतो आणि परत जागेवर येतो. ज्या सांध्यांना आपण सैल म्हणून नावं ठेवतो, तेच अशा वेळी घर वाचवतात.

लाकडाचा खरा वैरी आग. १८२८ मध्ये शनिवारवाड्याला लागलेल्या आगीत वरचे लाकडी मजले गेले आणि दगडाचं जोतं तेवढं उरलं. आज लोक तिथे तट आणि कारंजांची जागा पाहतात आणि बाकीचा वाडा मनात बांधतात. आमच्या मराठी मुलखाचं दुसरं ठाणं इंदूर, तिथल्या राजवाड्याचे खालचे मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे. त्यालाही आग लागली, एकदा नाही तर अनेकदा, अगदी १९८४ मध्येसुद्धा. म्हणून तांबेकर वाड्यासारख्या ठिकाणी दिवा-उदबत्तीला मनाई असते आणि ती असावीच. सणाला तिथे पणत्या लावल्या तर किती छान दिसेल, असं कोणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो.

तर असं आहे. आग, पाऊस, वाळवी, भाऊबंदकी, जमिनीचा भाव, या सगळ्यांतून एक वाडा उरला. १९५८ च्या स्मारक कायद्यानं त्याला संरक्षण आहे. २०१० मध्ये त्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. रावपुऱ्यासारख्या खचाखच वस्तीत हा नियम म्हणजे शेजाऱ्यांना किती काच असेल, याची मला कल्पना आहे. ज्याचं स्वतःचं घर गळतं आहे आणि ज्याला दुरुस्तीसाठी अर्ज घेऊन हिंडावं लागतं, त्याला स्मारकाबद्दल प्रेम वाटावं ही अपेक्षा जास्त आहे. त्यांची परवानग्यांची कामं लवकर आणि सरळ व्हावीत. त्यानं वाड्याचं भलंच होईल.

बडोद्याच्या मराठी मंडळींत एक वाक्य वारंवार ऐकू येतं. वाडा राहिला पण त्यातला जीव गेला, माणसं नाहीत, चूल नाही, तुळस नाही, आता तो नुसता सांगाडा. हे मला पटत नाही. वाड्यात माणसं होती तेव्हाही त्याची काळजी घेणं हे कामच होतं, आपोआप होत नव्हतं. पावसाळ्याआधी कौलं चाळणं, दिवाळीआधी दारांना बेलतेल देणं, जिन्याच्या फळ्या तपासणं, कुठे लाकडाचा भुगा पडलेला दिसला की सुताराला बोलावणं. ही कामं बहुतेक घरच्या बायका आणि गडीमाणसं करत आणि त्यांची गणती कोणी केली नाही. आज ती काळजी पगारी माणसं घेतात. घराला फरक पडत नाही, त्याला काळजी लागते. मला तो पहारेकरी, ती झाडणारी बाई, रंगाचा पापुद्रा परत चिकटवणारा तंत्रज्ञ, ही सगळी त्या वाड्याची आजची माणसं वाटतात.

उणीव वाटते ती वेगळी. वाड्यात एक खोली लाकडासाठी असावी असं मला मनापासून वाटतं. एक तुळई, एक खांब, एक हस्त, त्यांची कूस आणि साळ उघडी करून मांडलेली, लहान मुलाला हातानं बसवता-काढता येईल अशी. रंधा, वाकस, किकरे, पटाशी, गिरमिट ही हत्यारं. साग गुजरातच्या पूर्वेकडच्या जंगलांत, डांगच्या बाजूला कसा वाढतो, एक खांब मिळायला झाड किती जुनं लागतं, हे सांगणारी चार वाक्यं. चित्राला हात लावू नका असं आपण मुलांना दिवसभर सांगतो. एका खोलीत तरी, हात लावून बघा, असं सांगता यावं.

आणि जे वाडे अजून उभे आहेत त्यांचं काय? साताऱ्याकडे मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा लोक आवर्जून पाहतात, तिथेही चित्रं आहेत. चित्रं असलेल्या वाड्यांना कोणी ना कोणी वाली मिळतो. दांडिया बाजारात, वाडी भागात, मांडवीच्या मागच्या गल्ल्यांत अजून कोऱ्या भिंतींचे काही वाडे आहेत. ते सगळे सरकारनं घ्यावेत असं मी म्हणत नाही. ते शक्य नाही आणि राहणाऱ्यांना ते नकोही असेल. पण वाडा उतरवण्याआधी त्याची मापं तरी घ्यावीत. खण किती, खांबांची उंची किती, हस्तावर नक्षी कोणती, केळफूल आहे की कमळ, सांध्यांवर सुताराच्या खुणा आहेत का. विद्यापीठात आर्किटेक्चर शिकणारी मुलं हे काम आनंदानं करतात, त्यांना फक्त दार उघडून देणारं कोणी हवं असतं. आमच्या वाड्याचं एकही माप कोणाकडे नाही. चौकात काढलेले मुंजीचे आणि लग्नाचे फोटो आहेत, त्यांत खांब नेहमी कोणाच्या तरी पाठीमागे अर्धा दिसतो.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या गल्लीतल्या एक काकू देवळात भेटल्या. त्यांचा वाडा विकायचा ठरतो आहे, मुलं कॅनडात आहेत, त्या फ्लॅटमध्ये जाणार आहेत. मी त्यांना न विकण्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. मापांबद्दल बोलले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घरात काय आहे गं मोजण्यासारखं? ना चित्र ना काही." मी म्हटलं, काकू, तुमच्या ओसरीच्या खांबांवर केळफुलं आहेत, आणि माजघरातली तुळई अख्ख्या एका झाडाची आहे, तिला मधे जोड नाही. त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्या तुळईखाली त्यांचा सगळा संसार झाला होता. गुरुवारी सकाळी ये म्हणाल्या, मुलांना घेऊन ये, पण आठच्या आत, नंतर पाणी जातं आणि मला स्वयंपाक असतो. मी दोन विद्यार्थ्यांना फोन केला आहे, टेप घेतली आहे, आणि त्या मिस्त्रींच्या मुलाचा नंबर शोधते आहे, कारण माडीवरचा जिना चढायला धड आहे की नाही ते आधी त्याच्याकडून तपासून घ्यायला हवं.